वडिलांनी बसवलेले पाइप
शेजारच्या फ्लॅटमध्ये प्लंबिंगचं काम चालू आहे आणि पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास जिन्यात भरला आहे. त्या वासाने विश्रांतवाडीचं आमचं घर आठवलं. मी तेव्हा आयटीत नुकतीच नोकरीला लागले होते. घरातले लोखंडी पाइप आतून गंजले होते, सकाळी नळाला आधी तांबडं पाणी यायचं. बदलू या म्हटलं की वडील म्हणायचे, "अजून गळत नाहीत." घर बांधताना ते त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले होते. मग बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आईने तिची पांढरी साडी धुतली आणि तिच्यावर पिवळट डाग पडले. दुसऱ्या दिवशी ती तीच साडी नेसून आमच्याबरोबर विहारात आली. परतताना वडील मला हळूच म्हणाले, "उद्या प्लंबरला बोलाव." नवे प्लास्टिकचे पाइप चिकटवून झाले तेव्हा त्यांनी पेलाभर पाणी उजेडात धरून पाहिलं आणि आधी आईला दिलं. "याला चवच नाही," आई म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या हट्टापायी गंज प्यालीस, म्हणून," वडील म्हणाले, आणि दोघंही हसायला लागली. आपली चूक इतक्या सहज कबूल करणं मला त्यांच्या वयाची झाले तरी जमलेलं नाही.