टॅप-इन

टीव्हीवर समालोचक 'टॅप-इन' म्हणाला आणि मला लोणखेड्याच्या कॉलेजचं मैदान आठवलं. गोलच्या तोंडाशी आलेल्या बॉलला नुसता पाय लावायचा, तो टॅप-इन. माझे सगळे गोल तसलेच. बॉल आणायचा माझा मित्र, उजव्या कडेने धावत. शेवटच्या मॅचला त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि गळ्यात काविळीची माळ होती. काड्यांची ती माळ लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. "माळ छातीवर उनी, कावीळ उतरी ऱ्हायनी," तो म्हणाला. "तू फक्त उभा ऱ्हाय, बॉल मी आनस." त्याने आणला, मी पाय लावला. पोरं मला उचलून नाचली, तेव्हा तो वाळल्या गवतात गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि माळ खाली लोंबत होती. त्याला दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. माळ बेंबीपर्यंत आली होती. पुढच्या मॅचला मी सवयीने गोलच्या तोंडाशीच उभा राहिलो, उजवीकडे बघत. आता समालोचक म्हणतोय, हा गोल तर कोणीही केला असता. मी पास देणाऱ्याला शोधतोय, पण रिप्लेमध्ये तो दाखवतच नाहीत.