जीन्सच्या पानावरचा वाघ

माणसाला हादरवून सोडण्याची विद्या कुठे शिकवत असतील, तर तिथल्या मुख्याध्यापिका आमच्या घरमालकीण मावशीच असणार. मी आठवीतच शाळेला रामराम ठोकला, त्यामुळे मुख्याध्यापिकांचा माझा अनुभव तसा कमीच. पण बदलापूरला, शिरगावात मावशींच्या मागच्या खोलीत राहायला आल्यापासून जेवढं शिकलो तेवढं कॉलेजातही शिकवत नसावेत, आणि दर धड्याला छातीत धस्स. पहिला धडा दारातच मिळाला. परभणीहून आलेल्या, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्याचा टेम्पो चालवणाऱ्या एकट्या पोराला कोणी खोली देईना. मावशींनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "घोरतोस का?" एवढंच विचारलं. खोटं बोलायची हिंमत नव्हती, मी "हो" म्हणालो. "उत्तम. चोराला कळेल घरात माणूस आहे," म्हणाल्या आणि किल्ली हातात ठेवली. नाव त्यांनी अजूनही विचारलेलं नाही. मी 'परभणी'. "परभणी, दूध उतू जातंय बघ." घरापासून इतक्या लांब कोणीतरी आपल्याला आपल्या गावाच्या नावाने हाक मारतं, याने मला अजून भरून येतं. ते सांगायची मात्र सोय नाही. लगेच म्हणतील, "रडतोस काय, दूध बघ."

अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर टायपिंग केलेल्या या बाई एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतायत, नजरेचा मधला भाग गेला. कडा शिल्लक आहेत, त्या किती दिवस टिकतील सांगता येत नाही." चहा बरोबर कपात पडत होता, माझाच कप हिंदकळला. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "तर कडा आहेत तोवर मला वाघ बघायचाय. ताडोबाला जाऊ. तुझा टेम्पो चालेल." टेम्पो नको, भाड्याची गाडी घेऊ, एवढं पटवायला मला आठवडा लागला. वाघाला काय फरक पडतो, हा त्यांचा मुद्दा होता.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. प्रवासाची आठवण म्हणून त्यांना चिकटवही करायची होती, पण फोटोंची नाही. परदेशातली मुलगी व्हिडिओ कॉलवर कळवळून म्हणाली, "अगं आई, फोनवर फोटो काढ ना!" मावशी म्हणाल्या, "फोटोवरून हात फिरवला तर काय लागतं? काच." डिंकावरही त्यांचा विश्वास नाही, डिंक सुटतो, टाका सुटत नाही. म्हणून कापडाची पानं, आणि तीही जीन्सची. उरलेल्या कापडाची कतरण मागायला मी कारखान्याच्या सिंधी शेठसमोर घाबरतच उभा राहिलो. शेठ डोळे विस्फारून म्हणाला, "वो बुढ़िया जीन्स की किताब सिलेगी? ले जा साईं, कचरा ही है!" त्या कचऱ्यात खिसे असलेले तुकडे निघाले तशा मावशी लहान पोरीसारख्या खूश झाल्या. वहीला खिसे! रोज कामावर जाण्याआधी त्यांच्या सुया ओवून बटाट्यात टोचून ठेवणं, हे माझं काम झालं.

प्रवासात त्यांनी मला जे जे दाखवलं, त्याने माझं रक्त अर्ध्यावर आलं असेल. टोलनाक्यावर काच खाली करून, "पावती देत नाही? मग तुमची आठवण म्हणून मी काय शिवू?" असा वाद घातला. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि नाक्यावरच्या पोराने हार मानून हातातला रबरबँड काढून दिला. ढाब्यावर भाकरीचा चतकोर रुमालात बांधला. लॉजवर तर सकाळी शांतपणे टॉवेलचा कोपरा कात्रीने कापला आणि स्वतःच काउंटरवर जाऊन सांगितलं, "फार खरखरीत आहे हो, असा मला परत मिळाला नसता." मी मालकाच्या पाया पडायच्या बेतात होतो. पण तो एकदम हसला आणि म्हणाला, "आख्खा घेऊन जा आजी."

जंगलात शिरताना गाईडने बजावलं, इथून पानसुद्धा न्यायचं नाही. म्हटलं, आता काही खरं नाही. आणि मावशींनी तो नियम असा पाळला की गाईडच चक्रावला. फेरी संपल्यावर फाटकाशी उतरून त्यांनी दोन्ही चपला उलट्या करून झटकल्या. "ही तुमची माती. मोजून घ्या."

वाघ मात्र दिसेना. हरणं दिसली, सांबर दिसलं, गवा दिसला. गव्याला मावशी "बरा आहे" म्हणाल्या. शेवटच्या फेरीला निघताना त्या गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प असणं मला वाघाहून भयंकर वाटत होतं. पुन्हा कधी येणार? आलो तरी कडा असतील का?

आणि वळणावर तो आला. बांबूतून निघून सरळ आमच्या सफारीच्या जिप्सीसमोर रस्त्यात उभा. मी कसाबसा कुजबुजलो, "मावशी, समोर." बघतो तर या बाईंनी वाघाकडे जवळजवळ पाठच फिरवलेली! मान वळवून नुसत्या झाडीकडे बघत बसलेल्या. गाईडचा जीव खालीवर. "आजी, वाघ इकडं हाय ना जी! तिकडं काय पाहून राहिल्या?"

"माहितेय," मावशी पुटपुटल्या. "त्याच्याकडे बघितलं की तो जातो. झाडाकडे बघितलं की येतो. आता गप्प बसा दोघे."

वाघ सावकाश रस्ता ओलांडत होता आणि त्याच्याबरोबर मावशींची मानही, तशीच त्याच्या बाजूच्या झाडीकडे बघत, इंचाइंचाने सरकत होती. तो दिसेनासा झाला तेव्हा मला कळलं की माझ्या शर्टाची छाती त्यांच्या मुठीत आहे. फाटकाशी मूठ उघडली, तर आत माझं बटण. "परभणी, हे जंगलातलं नाही ना?" "नाही मावशी, उल्हासनगरचं आहे." "मग चालेल."

बदलापूरला परतल्यावर वहीत वाघाचं पान झालं. आख्खं निळं पान मोकळं, आणि अगदी कडेला, पडेल की काय असं, माझं बटण. मी म्हणालो, "मावशी, मधोमध लावा ना, वाघ आहे तो." "मधे नव्हताच तो," त्या म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला. आता येईल त्या पाहुण्याचं बोट धरून त्या बटणावर ठेवतात आणि सांगतात, "हा वाघ." पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. खराच आहे तो.

हल्ली कडाही धूसर होत चालल्यात. संध्याकाळी मी कामावरून येऊन दार उघडतो, तेव्हा मावशी मला बघण्यासाठी तोंड भिंतीकडे वळवतात. पूर्वी लगेच हाक यायची. आता त्या एका भिंतीकडे वळतात, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"मीच आहे मावशी," मी सांगायला जातो.

"बोलू नकोस रे. शोधू दे."

मी हातातली पिशवी खाली ठेवत नाही, चपला काढत नाही. त्यांना सापडेपर्यंत तसाच दारात उभा राहतो.