दुसऱ्या हाकेचे महाडिक

अनंत महाडिक पहिल्या हाकेला ओ देत नसत. जिन्यातून हाक मारली तर पायरीवर पाऊल ठेवून थांबत, मान किंचित कलती करत, आणि दुसऱ्या हाकेला म्हणत, "बोला." माझ्या पत्नीला, सुनीताला, वाटायचं की त्यांना कमी ऐकू येतं. तळमजल्यावरच्या आजींचा समज वेगळा होता. तिन्हीसांजेला पहिली हाक भुताचीही असू शकते म्हणून जुनी माणसं ओ देत नाहीत, तशातले हे, असं त्यांचं म्हणणं. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी राहिलो. कमी ऐकू येत नव्हतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं, कारण आमच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ते माझ्यापेक्षा अचूक सांगत.

रत्नागिरीतली आमची इमारत तीन मजल्यांची, नऊ बिऱ्हाडांची. महाडिक काका दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मूळचे मंडणगडकडचे. 'सरकारी नोकरी होती, फिरतीची', यापलीकडे त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. "विचारलं तेवढंच सांगावं," असं ते नेहमी म्हणत, आणि लोक फारसं विचारतील अशी वेळच येऊ देत नसत. कुणी विचारू लागलंच तर त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करत. मग अर्धा तास तोच बोलायचा.

मी जमीन मोजणीच्या नोकरीत आहे. आमच्याकडे एका बाजूने मोजलेलं दुसऱ्या बाजूनेही जुळावं लागतं. मला ती खोड घरीही आहे, आणि सुनीताला तिचा त्रास होतो. महाडिक काकांना मात्र तीच आवडली असावी. मला ते 'मोजणीदार' म्हणत. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते सात वह्या घेऊन आमच्याकडे आले. दोनशे पानी, रेघांच्या, एकाच दुकानातून घेतलेल्या.

"मोजणीदार, हे वाचा. शुद्धलेखन बघू नका. जुळतंय का तेवढं बघा."

"काय आहे हे काका?"

"मी," ते म्हणाले, आणि पाणी न पिताच गेले.

सात वह्यांना मला एकोणीस दिवस लागले. महाडिक काका केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. खात्याचं नाव मी लिहीत नाही. हर्णैच्या खालच्या अंगाला एक लहान बंदर आहे, त्याचंही नाव लिहीत नाही. तिथे एके काळी मासेमारीच्या होड्यांतून परदेशी चोरटा माल उतरायचा. त्याची खबर काढायला काकांना तिथे पाठवलं होतं. तीन वर्षं चार महिने ते त्या गावात सुक्या मासळीचे व्यापारी म्हणून राहिले. बंदरावर भाड्याची वखार होती. तिथे त्यांचं नाव शांताराम. गावाला सांगितलेलं की माणूस घाटावरचा आहे, मागेपुढे कुणी नाही.

हाकेचं कोडं दुसऱ्या वहीत सुटलं. तिथे जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती की 'अनंत' अशी हाक आली तर थांबायचं, दुसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही, वळायचं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लावली तेव्हा तीन आठवडे लागले. काढायला गेलो तर निघेना. आता प्रयत्नही सोडला. कंटाळा येतो हो."

हा 'कंटाळा येतो हो' त्यांच्या बोलण्यात फार असे. त्यात तक्रार नसायची. पिशवी हातातून खाली ठेवावी तसे ते हे तीन शब्द ठेवत.

गावात त्यांचं बसणं-उठणं एकाच घरात होतं. यशवंता तांडेलाचं घर. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, ती चालवणारा. यशवंता आणि त्याची बायको द्वारका यांनी या एकट्या व्यापाऱ्याला संध्याकाळचं जेवण घातलं ते तीन वर्षं. वह्यांमध्ये द्वारकाबाईंच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणाचा उल्लेख चौदा वेळा आहे. वरिष्ठांचा तीन वेळा.

चौथ्या वहीत धाडीचा दिवस येतो. माल आणायला सहा होड्या जाणार होत्या. यशवंताही आधी दोनदा जाऊन आला होता. काकांनी वर खबर दिली. त्या दिवशी पाच होड्या गेल्या आणि पाचही पकडल्या गेल्या. अकरा माणसं तुरुंगात गेली. यशवंताची होडी किनाऱ्यावरच राहिली. वहीत वाक्य होतं, 'यशवंता आयत्या वेळी गेला नाही, का ते कळले नाही.'

मी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

"काका, पान एकसष्टवर तुम्ही त्या दिवशी सकाळी यशवंताच्या घरी जाऊन आलात. चहा न घेता परत आलात, असंही लिहिलंय. तीन वर्षांत एकदाही चहा सोडला नाहीत. आणि पान चौसष्टवर म्हणता, तो का गेला नाही ते कळलं नाही. हे जुळत नाही."

ते उठून खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर कुणी कैऱ्यांची आंबोशी वाळत घातली होती.

"तुम्हाला द्यायलाच नको होत्या वह्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, तुम्हालाच द्यायला हव्या होत्या."

त्या सकाळी ते यशवंताला सांगायला गेले होते, आज जाऊ नकोस. यशवंताने विचारलं, का? ते म्हणाले, विचारू नको. नोकरीच्या नियमात हे बसत नव्हतं. पण ज्या घरात तीन वर्षं जेवलो त्या घरातला माणूस तुरुंगात जाऊ नये, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यात एक चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला दिसायला हवी होती. सहापैकी एकच होडी मागे राहिली तर गाव बोट कुणाकडे दाखवणार?

गावाने यशवंताला देवळात बोलावून विचारलं. तो म्हणाला, इंजिन बिघडलं होतं. दोघांनी जाऊन इंजिन चालू केलं, ते पहिल्या झटक्याला सुरू झालं. खबर यशवंताने दिली असं ठरलं आणि घर वाळीत पडलं. लिलावात त्याच्या मासळीला बोली लागेना. विहिरीवर द्वारकाबाई आल्या की बाकीच्या बायका कळशी उचलत. आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, ती त्यांच्या घरावरून तशीच पुढे गेली.

"आणि तुम्ही?"

"मी अजून चार महिने तिथेच होतो. लगेच गेलो असतो तर संशय आला असता. वरून हुकूम होता, गावासारखं वागा." ते थांबले. "गाव त्यांच्याकडे जात नव्हतं. मीही गेलो नाही."

वहीत हे चार महिने तीन ओळींत होते.

वह्यांचं पुस्तक करावं म्हणून त्यांनी खात्याकडे रीतसर परवानगी मागितली होती. अकरा महिन्यांनी उत्तर आलं. माणसांची, गावांची नावं छापता येणार नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, नावं बदलू. ते म्हणाले, "मोजणीदार, यशवंताचं नाव नसेल तर पुस्तक कशाला? त्याच्यावरचा डाग दुसऱ्याच्या नावाने कसा पुसायचा? नऊ वर्षं झाली त्याला जाऊन. बायको आहे अजून. पालखी अजून जात नाही म्हणतात." कुठून तरी ते खबर ठेवून होते.

मी म्हटलं, आता कायद्याने कुणाला वाळीत टाकता येत नाही. ते म्हणाले, "पालखी कुठल्या वाटेने जायची हे कुठला कायदा सांगतो?"

दसरा झाल्यावर त्या गावात गावकीची बैठक होती, आणि तिथे जाऊन सांगायचं काकांनी ठरवलं. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. वाटेत दोनदा थांबावं लागलं. शहात्तर वर्षांच्या माणसाला त्या रस्त्याने जाणं सोपं नाही. देवळात तीसेक माणसं होती. निम्म्यांचा त्या वेळी जन्मही झाला नसावा. काकांनी चप्पल काढली, हात जोडले आणि कुणी काही विचारण्याआधीच सांगायला सुरुवात केली. त्यांना असं न विचारता बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. आठ मिनिटं बोलले. खबर मी दिली, यशवंताने नाही. त्याला मी थांबवलं.

कुणी ओरडलं नाही. खांबाशी बसलेला एक म्हातारा, त्याला सगळे बाबलतात्या म्हणत होते, उठून जवळ आला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तो त्या अकरांपैकी एक होता. दोन वर्षं आत काढलेला.

"शांताराम? मासळीवाला?"

"हो."

"केस गेले तुजे. मी वळखलाच नाय." मग तो खाली बसला. "माजा सोड. मी माल आणत व्हतो, मना धरलानी. नोकरी व्हती तुजी. पन नोकरी सुटून किती वर्सं झाली?"

"अठरा."

"मग अठरा वर्सं काय करत व्हतास रे?"

"भीती वाटत होती," असं काहीतरी काका म्हणाले, पण ते मला शेजारी बसूनही नीट ऐकू आलं नाही. बाबलतात्या म्हणाला, "बगू. गाव बसल, मग काय ता ठरवल." बैठक पुढच्या विषयाकडे गेली. देवळाच्या पत्र्याचा विषय होता.

द्वारकाबाईंचं घर बंदराच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडं आत. मुलगे मुंबईला, त्या एकट्याच. देवळातली बातमी आमच्याआधी पोचलेली होती. त्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आमच्याकडे पाठ करून सुकट निवडत बसल्या होत्या. काका कुंपणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, थांबले. आत जाववत नव्हतं आणि मागे फिरवतही नव्हतं. मी पुढे होऊन काही बोलणार, एवढ्यात बाईंनी मान न वळवता हाक मारली.

"शांताराम!"

"ओ!" काका म्हणाले.

पहिल्या हाकेला. अकरा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. चटकन आलेला, जरा मोठाच.

"पाय धुवून ये."

आम्ही ओटीवर बसलो. काका सांगू लागले तसं द्वारकाबाईंनी हाताने थांबवलं. "ठाव हाय मना. यशवंतान मरताना सांगितलान. तू सकाळी येवन गेलास तवाच त्येला कळला व्हता तू कोन ता. देवळात तुजा नाव घेतलान असता, तर तुला त्याच दिवशी दर्यात घातला असतानी. म्हनून इंजिनाचा सांगितलान."

"मला कळलंच नाही वहिनी, की त्याला…"

"ता जाऊ दे. धाड घातलीस, ती तुजी नोकरी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पन चार म्हयने जेवायला आला नायस. गाव नाय आला, त्याचा काय नाय वाटला. यशवंता रोज तुजा ताट मांडायला लावायचा. म्हनायचा, आज येल."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. बाई उठून आत गेल्या. भात आणि कालवण घेऊन आल्या. मलाही वाढलं. काकांनी पहिला घास घाईघाईने घेतला. "हळू खा मेल्या," त्या म्हणाल्या, "कोन मागे लागलाय आता?" माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. काकांनी माफी मागितलीही नाही. ताट मात्र त्यांनी संपवलं. त्याला पाऊण तास लागला.

परतताना वाटेतल्या एका पुलावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली खाडीला ओहोटी होती. "दमलो हो मोजणीदार," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौथी वही माझ्याकडून मागून नेली आणि संध्याकाळी परत आणून दिली. 'का ते कळले नाही' हे खोडून वर लिहिलं होतं, 'मी त्याला थांबवले.' सात वह्यांतली ही एकच दुरुस्ती आहे. पुस्तक त्यांनी केलं नाही.

पौषात ते गेले. दुपारी खुर्चीतच. सुनीताने त्यांच्या दाराशी जाऊन हाक मारली. पहिल्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही, याचं तिला नवल वाटलं नाही. दुसऱ्या हाकेनंतर तिने मला फोन केला.

शिमग्याला मी एक दिवसाची रजा काढून त्या गावी गेलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. जे मोजायला घेतलं ते अर्धवट सोडवत नाही म्हणा. पालखी बंदराच्या वाटेने आली. द्वारकाबाईंच्या घरासमोर ढोल क्षणभर मंदावले, आणि पालखी आत वळली. रस्त्यापासून त्यांच्या खळ्यापर्यंत बेचाळीस पावलं आहेत. अडतीस वर्षं पालखी ती चालली नव्हती.

बाईंनी देवीची ओटी भरली. गाऱ्हाणं घालायला बाबलतात्या पुढे आला. देवापुढे घरच्यांच्या वतीने बोलायचं तर नावं लागतात.

"कोनाच्या नावान घालू?"

"यशवंताच्या घाल. पोरांच्या घाल." त्या थांबल्या. "आनि शांतारामाच्या."

"अगो, शांताराम असा मानूसच नव्हता. खोटा नाव ता. आनि व्हता तो पन गेला म्हंतात."

"नव्हता कसा? जेवलाय तो माज्या घरात."

बाबलतात्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीत चुकीचं नाव नोंदीवर राहू देत नाहीत, मी स्वतः कितीतरी खोडली आहेत. हे मी राहू दिलं. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि बा देवी माते म्हणून सुरुवात केली. आधी यशवंताचं नाव घेतलं, मग मुलांची. मग जरा अडखळून शांतारामाचं.

"व्हय म्हाराजा," जमलेले लोक म्हणाले. मीही म्हणालो.