चौथ्या राज्याचा परवाना

परवान्याशिवाय माणसानं पंख्याचं बटणसुद्धा दाबू नये, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी पहिला साहेब म्हणून आला. तारिहाळच्या कारखान्यात ते विजेच्या कामाचे सुपरवायझर होते; सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी अळणावरकडची, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. पदवीचा तोरा होता आणि तो मी लपवतही नव्हते. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इंजिनियरबाई, पदवी आहे, चांगलं आहे. परवाना कुठाय?"

आता निवृत्त झाले, तरी अण्णांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर आहेच. लग्नाला गेले की नवरानवरीआधी मांडवातली वायर बघतात. कुणाकडे गेले तर अर्थिंग तपासल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. सुभाष रोडवरचा कापडवाला एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, टॉवेल घ्यायला आलात ना? मग टॉवेल बघा की, माझा बोर्ड कशाला बघताय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "बोर्ड पेटला तर टॉवेल राहील काय?"

पत्नी वारल्यापासून घरात ते एकटेच. देवांच्या फोटोंशेजारी विजेच्या कामाचे सरकारी परवाने टांगलेत: कर्नाटकाचा मूळ, मग गोव्याचा, मग तेलंगणाचा. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा अनुभवाचे दाखले, पुन्हा साक्षांकित प्रती. आणि एवढं करून तिकडं काम एकही घेतलेलं नाही. मुलाची जिकडं बदली, तिकडं यांचा अर्ज. मी विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या घरचा फ्यूज उडाला तर? बिनपरवान्याचा हात लावू?" अर्जावर पत्ताही मुलाचाच. परवाना तिथं पोचला की मुलगा फोन करी, "अप्पा, तुमचं पाकीट आलंय. कुरिअर करू?" "नको, हरवतं," म्हणून अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः आणायला जात आणि चार दिवस राहून येत. मग आठवडाभर आम्हाला नातीच्या खोड्या, आणि त्या बिल्डिंगचं अर्थिंग किती वाईट, हे ऐकावं लागे.

यंदा मुलगा नागपूरला गेला. अण्णांनी कागदांचा गठ्ठा काढला. मला राहवलं नाही. आता मी धारवाडजवळच्याच बेलूरच्या कारखान्यात आहे. सुटल्यावर त्यांच्याकडे बसले आणि तासाभरात मोबाइलवरून अर्ज भरून टाकला. काही आठवड्यांत मंजुरी माझ्या मेलवर आली. मोठ्या फुशारकीनं रंगीत प्रत काढली, लॅमिनेट केली आणि नेऊन दिली.

अण्णांनी चष्मा लावून नाव, जन्मतारीख, क्रमांक सगळं तपासलं. "चूक एकही नाही," म्हणाले. मग प्रत उलटून बघत, "मूळ प्रत टपालानं जाईल ना, नागपूरला?"

"नाही अण्णा, हीच मूळ. सहीसुद्धा संगणकाचीच."

"म्हणजे तिकडं काहीच पोचायचं नाही."

तेव्हा कुठं माझ्या पदवीला अक्कल आली. मी घाईनं म्हटलं, "तुम्ही तसंच जा की. नातीला भेटून या."

अण्णा हसले. "काम असलं की माणूस आपलाआपण जातो, इंजिनियरबाई. नुसतं जायचं तर त्यांनी 'या' म्हणायला पाहिजे."

मग हातोडी आणली. खिळा मी धरला, त्यांनी ठोकला. परवाना सरळ लागला. "चहा टाकतो," म्हणाले. माझी शेवटची बस जवळ आली होती. तरी मी बसले.