सुलोचना सिस्टरांनी उंबऱ्याबाहेर काढलेले शिसे

सुलोचना सिस्टरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहावे का, असे मी संपादक मंडळाला विचारले. "बिनधास्त लिहा, त्यांची निम्म्या गावाशी तशीच झाली आहे," असे उत्तर आले.

वाटूरच्या फाट्यावर माझे बॅटरी दुरुस्तीचे दुकान होते आणि त्याच्या मागेच घर. जुन्या ट्रॅक्टर-ट्रकच्या बॅटऱ्या फोडायच्या, आतले शिसे वितळवायचे, हे रोजचे काम. मला स्वच्छतेचा भारी अभिमान. संध्याकाळी घरात शिरण्याआधी दारातच कॉम्प्रेसरच्या हवेने मी अंगावरचे कपडे झाडून घेई, कारण माझी पाच वर्षांची लेक पूजा धावत येऊन बिलगायची. तिच्या केसांतही हवा सोडायचो, ती खिदळायची.

आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरणाऱ्या सिस्टरांनी एकदा हे पाहिले आणि रस्त्यावरूनच ओरडल्या, "भाऊ, बंद करा ते! लेकराच्या तोंडावर विष उडवून राह्यले तुम्ही."

"सिस्टर, मी तर धूळ साफ करून राह्यलो. घाण बिलकुल ठेवत न्हाई मी," असे म्हणून मी त्यांना सरळ वाटेला लावले.

त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. पूजाचे पोट सारखे दुखे, चेहरा फिका पडला होता, शाळेत शिकवलेले ध्यानात राहत नसे. आम्ही जंतांचे औषध देत होतो. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "माझ्यावरचा राग मंग काढा. आधी पोरीचं रक्त तपासू."

स्वतःची रजा टाकून त्या आमच्यासोबत शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आल्या. पूजाच्या रक्तात शिसे फार वाढलेले निघाले. ही धूळ श्वासातून आणि हातावाटे पोटात जाते, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते, असे डॉक्टरांनी समजावले. मी भिंतीला टेकून रडलो. बायकोने माझ्याकडे नजर वळवण्याआधीच सिस्टर तिला म्हणाल्या, "वहिनी, यांना ठाऊक नव्हतं. गेल्या साली ट्रेनिंगला गेल्ते, तवर मलाबी नव्हतं." त्या एका वाक्याने आमचा संसार सावरला.

मग सिस्टरांचे राज्य सुरू झाले. शिसे वितळवणे कायमचे बंद. दुकानात हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. कामाचे कपडे दुकानातच ठेवायचे आणि आंघोळ करूनच घरी जायचे. घरही आम्ही दुसऱ्या गल्लीत हलवले. दर आठवड्याला त्या येत आणि पूजाच्या आधी माझी नखे तपासत. दर तपासणीत शिशाचे प्रमाण उतरत गेले. झालेले सगळे नुकसान भरून निघेलच असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. "जेवढं निघंल तेवढं काढू," म्हणत सिस्टर दर रविवारी तिला पाढे शिकवायला बसत.

पुढे मी त्यांचा शिष्यच झालो. आम्ही दोघे फाट्यावरच्या प्रत्येक बॅटरीवाल्याकडे गेलो. एकाने तर आम्हाला हाकलूनच दिले. सिस्टर शांतपणे त्याच्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सांगा भाऊ, तुमच्या पूजाचं." मी सांगितले. त्याने शिशाच्या भट्टीजवळ खेळणाऱ्या आपल्या दोन्ही लेकरांना बाहेर बोलावले. आज आमच्या फाट्यावर एकाही घरात शिसे वितळत नाही. भाषण न करता, कुणाला कमी न लेखता सिस्टरांनी ही लढाई जिंकली, आणि ती मी जवळून पाहिली याचा मला अभिमान आहे.

पूजा यंदा बारावी उत्तम गुणांनी पास झाली. निकाल कळताच ती आधी सिस्टरांकडे धावली, मी मागाहून पोहोचलो.

सिस्टर, तुम्हाला उदंड आणि ठणठणीत आयुष्य लाभो. लेकीचे आयुष्य तुम्ही माझ्या हाती परत दिलेत. माझ्या वाट्याची वर्षे तुम्हाला देता आली असती, तर या साठीलाच देऊन मोकळा झालो असतो.