झोपलेला काटा

माझ्या लग्नाला भटजी, वाजंत्री आणि नवरी वेळेवर हजर होते; फक्त नवरदेव रस्त्यात इंजिन खोलून बसला होता.

नवरी आंदर मावळातली. मी कान्ह्याचा, लोणावळ्याच्या एका गॅरेजात थोडी उमेदवारी केलेला, म्हणजे स्वतःच्या मते पुरा मेकॅनिक. "जमीन कमी हाय, पन पोराच्या हातात हुन्नर हाय," एवढ्या एका गोष्टीवर तिच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, होकार दिला होता. मुहूर्त चुकवलास तर पोरगी विसर, हेही त्यांनी हसत हसत बजावलं होतं. (हसत होती ती फक्त मिशी.)

वऱ्हाड मामाच्या ट्रकमधून निघालं. मी मुंडावळ्या बांधून पुढे, मामाशेजारी. माघातली सकाळ, रिकाम्या भातखाचरांवर धुकं पसरलेलं, आणि ट्रक ढगातून चालल्यासारखा. नवरीला मी एकदाच पाहिलं होतं, कान्हे स्टेशनच्या बाकावर, वेणीचं टोक दातात धरून गाडीची वाट बघताना. ते टोक माझ्या डोळ्यांपुढे तरंगत होतं आणि त्याच्याच पलीकडे, आरशाला आत्यानं दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली लिंबू-मिरची झुलत होती. टाकवे मागे पडल्यावर सहज खाली नजर गेली. तेलाच्या प्रेशरचा काटा शून्यावर झोपला होता. (निघाल्यापासूनच झोपला असणार, पण मी वेणीत होतो.)

"मामा, गाडी थांबव."

"का रं? लघवीला?"

"तेलाला प्रेशर न्हाई. असंच चालवलं तर इंजिन जाम व्हईल."

"आरं, इंजिन तर झकास गातंय."

"तू गानं ऐक, मी काटा बघतो." (इतकं रुबाबदार वाक्य मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.)

बॉनेट उघडलं. तेल पाहिलं, भरपूर. म्हणजे फिल्टर तुंबलाय! काढला, तर स्वच्छ. म्हणजे पंप! त्यासाठी सगळं तेल खाली सोडावं लागतं. भांडं नव्हतं, म्हणून आहेराचं पातेलं घेतलं. बोल्ट नीट टॉवेलावर मांडले, तेवढ्यात धुक्यात पुन्हा ती वेणी दिसली, आणि मी तोच टॉवेल झटकून घाम पुसला. सगळं वऱ्हाड खाचरात उतरून बोल्ट शोधू लागलं. पंप ठणठणीत निघाला. डोंगराआडून सनई ऐकू आली तेव्हा मात्र मला खरोखर रडू फुटलं.

तेवढ्यात आबा स्वतःच बैलगाडी घेऊन आले. आत्या त्यांच्यापुढे कपाळ बडवत म्हणाली, "कुनाची नजर लागली वो! म्या तर लिंबू चांगलं तारंत ओवलं व्हतं."

"आत्या, तार कुटली?"

"दोरा गावंना. त्या काट्यामागं एक तार मोकळी व्हती, ती घेतली."

"मोकळी व्हती?"

"वढल्यावर झाली की."

इंजिनातल्या प्रेशरची खबर काट्यापर्यंत पोचवणारी ती तार! इंजिनाला काहीच झालं नव्हतं, आणि झालेला बिघाड सकाळपासून माझ्या नाकासमोर झुलत होता.

आबांनी लिंबाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे.

"बसा गाडीत, जावईबापू."

"आबा, मुहूर्त गावंल का?"

"बैलास्नी काटा नसतो. येळंवर पोचत्यात."

पोचलो. हार घालताना तिच्या शालूवर माझी पाच काळी बोटं उमटली. ती रागावेल म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर वेणीचं टोक दातात धरून ती हसू दाबत होती. माझं इंजिन जाम झालं ते तिथे.

इतक्या वर्षांनी, परवा डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि गंभीर झाले. "प्रेशर फारच वाढलंय."

ही शेजारीच होती. "डॉक्टर, ह्यांना औषध द्यायच्या आधी तुमच्या यंत्राची नळी बघा. आमच्याकडं काटाच खोटा निघतो."

त्यांनी बघितली. नळी शाबूत होती. या वेळी काटा बरोबर होता. बिघाड इंजिनातच निघाला.