मामाजींच्या मंडळीत पाहुणा कोणी नाही

माझे सासरे स्वर्गात गेले, तर पहिल्याच रविवारी तिथल्या देवदूतांना सतरंज्या झटकायला लावतील, याबद्दल मालेगावात दुमत नाही. मी त्यांना मामाजी म्हणतो आणि ते मला जवाईबापू. पण या मानाच्या हाकेनंतर माझ्या हातात बहुतेक वेळा झाडू येतो. आमचं चर्च लहान, मंडळी पंचवीस-तीस घरांची, आणि पाळकसाहेब तीन गावांच्या उपासना सांभाळत मोटारसायकलवर फिरणारे. त्यामुळे दारातून जो आत शिरेल तो कामाचा, असा मामाजींचा सिद्धांत. "मंडळीत पाहुना कोनी नसते, जवाईबापू. पाहुना लग्नात. अन् तुमचं लग्न कधीचंच होऊन गेलं." एकदा बियाण्यांच्या कंपनीचा एक माणूस पत्ता विचारायला चर्चच्या दारात थबकला. पत्ता त्याला मिळाला, पण मामाजींचा पंखा पुसून होईपर्यंत शिडी धरून उभं राहिल्यावर. जाताना बिचारा मला हळूच विचारत होता, "पुढच्या रविवारी पण यावं लागते का?"

उपदेश चालू असताना कोणाची मान डुलली की मामाजी झोप उडवायला त्याच्या तळहातावर एक लवंग ठेवतात. माझ्या तळहातांना अजून लवंगेचा वास येतो, यापलीकडे मी काही कबूल करणार नाही. जो दोन रविवार दिसत नाही, त्याच्या दारात सोमवारी सकाळी मामाजी हजर. "काहून आले नाई?" एवढंच विचारतात. इंझोरीच्या एका घरानं सोयाबीनची सोंगणी चालू असल्याचं सांगितलं. मामाजींनी तिथल्या तिथे पायजमा खोचला, दोन विळे मागितले आणि म्हणाले, "मंग आटपूनच टाकू. रविवार मोकळा झाला पाह्यजे." दुसरा विळा अर्थातच माझा. आम्ही दोघांनी इतक्या मनोभावे सोंगणी केली, की सोयाबीनच्या मधल्या ओळींत पुढे कितीतरी दिवस उभी राहायची होती ती तूरसुद्धा आडवी केली. घरधनी आमच्याकडे पाहत राहिला, मग आभाळाकडे. ते घर त्यानंतर एकही उपासना चुकलेलं नाही. हंगामात आम्ही रस्त्यानं जाताना दिसलो की शेतातली माणसं लांबूनच ओरडतात, "येतो, मामाजी, रविवारी येतो! तुमी नोका येऊ!"

अशा या माणसानं दोन वर्षं एका दारात मात्र पाऊल ठेवलं नव्हतं. केनवडला मामाजींचे बालमित्र राहतात, निवृत्त मास्तर. दोघांची अरेतुरेची दोस्ती. मास्तरांची बायको गेली त्या वर्षीच्या नाताळात प्रीतिभोजनाचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासायची पाळी त्यांची होती. सगळी मंडळी जेवून उठली, मसालेभाताचे गंज तसेच पडलेले, आणि मास्तर कोपऱ्यात नुसते बसून. मामाजींनी भर मांडवात आवाज चढवला, "बायको मेली म्हनून पाळी चुकत नाई!" मास्तर उठले. सगळे गंज घासले, पालथे घातले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. ते वाक्य तोंडातून निसटल्याक्षणी मामाजींचा चेहरा पडला होता, तो मी पाहिला. पण साऱ्या मंडळीला कामं सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचं हे एवढं काम काही जमेना. सासूबाई म्हणायच्या, "जाऊन या ना." हे म्हणायचे, "जातो ना," आणि चर्चच्या खिडक्या पुसायला घ्यायचे.

या उन्हाळ्यात निरोप आला, की मास्तरांचं काही खरं नाही. मामाजींनी मला मोटारसायकल काढायला लावली. केनवडच्या अलीकडे मागून म्हणाले, "जवाईबापू, प्रार्थना तुमी करजा. माह्या तोंडातून निंघनार नाई."

मास्तर बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या सुनेनं चहा दिला. तिनं "बाबा, कोण आलं पाहा," म्हटलं, तरी ते वळले नाहीत. मामाजी कपातल्या चहाकडे बघत बसले. चहा निवला, त्यावर साय धरली. शेवटी त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

आता माझी अडचण अशी, की मला दोनच प्रार्थना तोंडपाठ: एक जेवणाआधीची आणि एक मयतीच्या घरची. दुसरी मामाजींबरोबर घरोघर फिरून पाठ झालेली. मी डोळे मिटले. जेवणाची नको, एवढं भान होतं. पण जीभ नेहमीच्या चाकोरीला लागली आणि मी गंभीर आवाजात सुरू झालो, "हे दयाळू पित्या, आमच्या या प्रिय बंधूला तू आपल्या विसाव्यात घेतलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. त्याच्यामागे रडत राहिलेल्यांना..."

"कोन मेलं बे?" बाजेवरून आवाज आला.

मी डोळे उघडले. सुनेनं पदर तोंडात कोंबला होता. मास्तर मान वळवून माझ्याकडेच पाहत होते. मामाजींचा चेहरा असा, की विसाव्यात आता मी जाणार. "मास्तर, माफ करा, मी..." मी चाचरलो.

"थांबू नोका, जवाईबापू," मास्तर म्हणाले. "पुरी होऊ द्या. माह्या मांगं कोन कोन रडते, आयकू तं द्या."

"मी," मामाजी म्हणाले.

आवाज त्यांचा वाटलाच नाही. त्यांनी कप खाली ठेवला. "मी रडतो ना बे. दोन वर्सं झाले, रडूनच राह्यलो. त्या दिशी मी लय वंगाळ बोललो."

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "गंज तं माह्या पाळीचेच होते. तू मले फक्त जवळ येऊन सांगाचं होतं."

मामाजी उठून बाजेच्या कडेला बसले. त्यानंतर दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी कप विसळायच्या निमित्तानं सुनेच्या मागोमाग बाहेर पडलो. माझी प्रार्थना अजून अर्धीच आहे, आणि ती पुरी करायची मला मुळीच घाई नाही.

मास्तर काही त्यानंतर उपासनेला आले नाहीत. बाजेवरून उठण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नाही, आणि ती येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मामाजी आताशा कोणाला काम सांगायचं तर उठून त्याच्याजवळ जातात, कानाशी वाकतात आणि कुजबुजतात. ती कुजबुज रस्त्यापलीकडच्या टपरीवर स्वच्छ ऐकू येते, पण माणूस प्रयत्न करतो आहे. उपासना उरकली की ते केनवडची एस.टी. धरतात. परवा त्यांना चढायला हात देता देता मी खोडसाळपणे विचारलं, "मामाजी, मास्तरांना आज काय काम लावणार?"

"काम?" पायरीवरून ते मागे वळले. "काम काईच नाई, जवाईबापू. तो पडून राह्यते, मी बसून राह्यतो. अंधार पडाच्या आंधी येतो."